परस सुधारायचं आहे? आधी पाणी कुठं जातं ते पाहा

घरामागची मोकळी जागा हाती आली की पावलं आपोआप रोपवाटिकेकडे वळतात. चार टोमॅटोची रोपं, दोन मिरच्यांची, एखादा वेल, खताची पिशवी. घरी येऊन खड्डे घेतले, रोपं लावली, भरपूर पाणी घातलं. महिन्याभरात अर्धी रोपं पिवळी पडतात आणि माणूस म्हणतो, 'आपला हातगुणच नाही.' हातगुणाचा दोष फार क्वचित असतो. बहुतेक वेळा जागा न पाहता काम सुरू केलेलं असतं, एवढंच.

माझा पहिला वाफा मी सर्वांत सपाट आणि नळाजवळच्या कोपऱ्यात केला, सोयीचा म्हणून. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथं दोन दिवस पाणी उभं राहिलं. वांग्याचं रोप मान टाकून बसलं, तेव्हा मला वाटलं त्याला पाणी कमी पडलं, म्हणून मी आणखी घातलं. शेवटी उपटून पाहिलं. मुळं पांढरी असायला हवीत, ती तपकिरी आणि मऊ झाली होती. चिमटीत धरून हलकेच ओढली की वरची साल निसटून हातात यायची आणि मागे दोऱ्यासारखा धागा उरायचा. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की ती मिळत नाही, मुळं कुजतात आणि पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं मरतं.

तेव्हापासून परसातलं कुठलंही काम मी पाण्यापासून सुरू करतो. भाजीचा वाफा, दगडांची पायवाट, लाकडी डेक (घराला लागून केलेला फळ्यांचा ओटा) ही तीन वेगळी कामं वाटतात, पण तिन्ही बिघडतात ती पाणी नको तिथं थांबल्यामुळं. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका.

पायरी १: आठ दिवस फक्त पाहा

एक वही घ्या. त्यात जागेचा कच्चा नकाशा काढा. घर, कुंपण, झाडं, नळ, छताचं पाणी जिथं पडतं ती जागा, सगळं पावलांनी मोजून जमेल तितकं प्रमाणात मांडा.

आता ऊन पाहा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता, आणि जमलं तर संध्याकाळी ५ वाजता बाहेर जा. सावली कुठवर आली आहे ते खुंट्या ठोकून किंवा चुन्यानं रेघ ओढून दाखवा. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी अशा फळं धरणाऱ्या भाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. पालक, कोथिंबीर, लेट्यूससारख्या पालेभाज्या ४ तासांवरही भागवतात. एक गोष्ट विसरू नका. थंडीत सूर्य आकाशात खाली असतो, त्यामुळं सावल्या लांबतात, आणि उन्हाळ्यात दिवसभर उन्हात असलेली जागा थंडीत निम्मा दिवस सावलीत जाऊ शकते.

मग पाणी. जोराचा पाऊस सुरू असताना छत्री घेऊन परसात उभे राहा. ही दहा मिनिटं मला परसातल्या सगळ्या कामांत मोलाची वाटतात. पाणी छतावरून कुठं पडतं, कुठून वाहतं, कुठं अडतं, आणि पाऊस थांबल्यावर किती वेळ साचून राहतं, सगळं नकाशावर बाणांनी काढा. पावसाचे दिवस नसतील तर नळी सोडून उंच कोपऱ्यातून पाणी वाहू द्या आणि ते कुठं जातं ते पाहा.

खोदायला सुरुवात करण्याआधी जमिनीखालून वीज, गॅस, पाणी किंवा सांडपाण्याची वाहिनी गेली आहे का, हे त्या त्या पुरवठादाराला विचारून खात्री करून घ्या. अंदाजावर कुदळ मारू नका.

पायरी २: उतार मोजा आणि पाणी वळवा

घराच्या भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमीन किमान ६ इंच उतरलेली असावी. डोळ्यांना हे कळत नाही. जवळजवळ सपाट जमीन उतरती वाटते आणि कधी कधी उलटंही वाटतं. म्हणून मोजायचंच.

साधन साधं आहे. १२ ते १५ फूट लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या आणि तीत पाणी भरा. मध्ये एकही बुडबुडा राहू देऊ नका, बुडबुडा राहिला की माप चुकतं. एक खुंटी भिंतीशी आणि दुसरी १० फुटांवर ठोका. नळीचं एक टोक या खुंटीला, दुसरं त्या खुंटीला धरा. पाणी हलायचं थांबलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीवर असतं. तिथं खुणा करा आणि प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही अंतरांतला फरक म्हणजे तुमचा उतार. भिंतीशी १४ इंच आणि लांबच्या खुंटीशी २० इंच भरलं, तर ६ इंचांचा उतार आहे, काम ठीक आहे. आकडे उलटे आले तर पाणी घराच्या पायाकडे येतंय, आणि भाजीपाला राहू द्या बाजूला, आधी ते दुरुस्त करा.

दुरुस्ती बहुतेक वेळा मातीचीच असते. भिंतीशी माती भरून, धुमसून उतार द्यायचा. भरताना भिंतीतल्या ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून घातलेल्या थराच्या) वर किंवा लाकडी भागाला लागेल इतकी माती चढवू नका, त्याखाली साधारण ६ इंच मोकळे ठेवा. छताच्या पन्हाळीचा पाइप भिंतीशीच संपत असेल तर त्याला जोड देऊन पाणी दूर सोडा. जागा खोलगट असेल तर चर खोदून, तळाशी खडी, त्यावर भोकं असलेला पाइप, पुन्हा खडी, आणि माती आत जाऊ नये म्हणून सभोवती कापडी जाळी, अशी वाट करून द्यावी लागते. त्या पाइपला दर १०० फुटांना निदान १ फूट उतार हवा. पाणी शेजाऱ्याच्या आवारात सोडू नका. त्यातून जे भांडण उभं राहतं ते कुठल्याही चरानं निघत नाही.

छताचं पाणी साठवायचं असेल तर हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या छतावर १० मिलिमीटर पडला तर ५०० लिटर. काही उडतं, काही सांडतं, तरी २०० लिटरचं पिंप एका सरीत भरून वाहू लागतं. म्हणून जादा पाण्याला वाट आधी करा, मग पिंप बसवा. भरलेलं पिंप २०० किलोंहून जड असतं, त्याला पक्की बैठक लागते. आणि तोंडावर बारीक जाळी हवीच, कारण डासांची नवी पिढी साठलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते.

पायरी ३: मातीची ओळख

मूठभर ओलसर माती घ्या आणि मूठ आवळा. मूठ उघडताच विसकटली तर माती रेताड आहे. गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर उत्तम. गोळा फुटतच नाही, उलट अंगठ्यानं दाबत त्याची लांब पट्टी काढता येते, तर माती चिकण आहे.

आणखी नीट पाहायचं असेल तर काचेची बरणी घ्या. एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू एका मिनिटात खाली बसते. गाळ दोनेक तासांत बसतो. चिकणमातीचे कण दिवस-दोन दिवस पाण्यात तरंगत राहतात. पाणी निवळलं की बरणीला पट्टी लावून तिन्ही थर मोजा. ४० टक्के वाळू, ४० टक्के गाळ, २० टक्के चिकणमाती असं काहीसं निघालं तर तुम्ही नशीबवान.

निचऱ्याची परीक्षा मात्र चुकवू नका. जिथं वाफा करायचा आहे तिथं १ फूट खोल, १ फूट रुंद खड्डा घ्या. पाण्यानं भरा, पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा, आत एक काठी उभी करा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. १ ते ३ इंच असेल तर चांगलं. १ इंचापेक्षा कमी असेल तर तिथं जमिनीत लावू नका, उंच वाफा करा किंवा जागा बदला. मी ही परीक्षा त्या नळाजवळच्या कोपऱ्यात आधी केली असती तर एक हंगाम वाचला असता.

चिकणमातीत वाळू मिसळण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका. थोडीशी वाळू घातली की ती माती मोकळी होण्याऐवजी विटेसारखी घट्ट होते. चिकण असो की रेताड, औषध एकच, कुजलेलं सेंद्रिय खत. २ ते ३ इंचांचा थर पसरून वरच्या ६ ते ८ इंच मातीत मिसळा. आणि माती चिखल असताना खणू नका. ओल्या मातीत फावडं घातलं की ढेकळं होतात आणि ती दगडासारखी वाळतात.

मातीचा सामू, म्हणजे ती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते, बहुतेक भाज्यांना ६ ते ७ दरम्यान चालतो. प्रयोगशाळेतून एकदा तपासणी करून घ्यावी. चुना सामू वाढवतो, गंधक कमी करतं, पण आकडा हातात नसताना दोन्हींपैकी काहीही टाकू नका. घर जुनं असेल आणि भिंतीचा किंवा खिडक्यांचा रंग पोपडे होऊन खाली पडत असेल, तर त्या पट्ट्यातली माती शिशासाठीही तपासून घ्या. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि ते मातीत तसंच राहतं.

पायरी ४: वाफा

नवख्यांना मी उंच वाफाच सुचवतो. निचरा आपल्या हातात राहतो आणि तण कमी होतं. रुंदी ४ फुटांपेक्षा जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी २-२ फूट हात पोचला पाहिजे. वाफ्यात पाय ठेवायचा नाही, हा नियम आहे. एकदा तुडवलेली माती पुन्हा मोकळी व्हायला फार वेळ घेते. उंची ८ ते १२ इंच, दोन वाफ्यांमध्ये २ फूट वाट. हातगाडी न्यायची असेल तर ३ फूट.

४ फूट रुंद, ८ फूट लांब, १ फूट उंच वाफ्याला ३२ घनफूट, म्हणजे सुमारे ९०० लिटर भर लागते. हा आकडा ऐकून बरेच जण दचकतात, म्हणून आधीच सांगितला. निम्म्याहून थोडी जास्त चांगली माती, बाकी कुजलेलं खत, असं मिश्रण करा. पहिल्या हंगामात ते काही इंच बसेल, तेव्हा वरून खताची भर घालायची.

खाली गवत असेल तर उपटत बसू नका. पुठ्ठ्याच्या खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या काढून पुठ्ठे एकमेकांवर थोडे चढवून अंथरा, पाण्यानं चिंब भिजवा आणि त्यावर माती भरा. प्रकाश न मिळाल्यानं गवत मरतं, पुठ्ठा कुजतो आणि गांडुळं वर येतात.

कडेला वीट, दगड किंवा लाकूड काहीही चालेल. फक्त रेल्वेचे जुने स्लीपर वापरू नका, ते क्रिओसोटनं, म्हणजे डांबरासारख्या विषारी तेलानं, मुरवलेले असतात. कुठून तरी काढलेलं जुनं, हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूडही नको. क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक मुरवलेलं लाकूड अनेक देशांत २००३-०४ च्या सुमारास घरगुती वापरातून बाद झालं, त्याआधीचं लाकूड भाजीच्या मातीजवळ ठेवण्याचं कारण नाही. ते जाळूही नका, आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरतं.

खत घरीच करायचं तर एका कोपऱ्यात साधारण ३ फूट लांब, रुंद आणि उंच ढीग हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. सुका पाला, भुसा, फाटलेला पुठ्ठा २ ते ३ भाग आणि ओला भाजीकचरा, ताजं गवत १ भाग. ओल किती असावी? मूठभर घेऊन पिळलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. आठवड्यातून एकदा खालीवर करा. चांगला लागलेला ढीग आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, थंडीच्या सकाळी उकरला की वाफ निघते. घाण वास आला तर ढीग ओला झाला आहे, सुकं घाला आणि हलवा. मांस, दूध, तेल आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा त्यात टाकू नका.

पायरी ५: पेरणी आणि लागवड

पहिल्या हंगामात चार-पाच पिकांवर थांबा. मुळा पेरा, तो महिन्याभरात हातात येतो आणि धीर देतो. पालक, घेवडा, एक काकडीचा वेल आणि दोन टोमॅटो. पुरे. मुळा एकदम सगळा पेरू नका, दर दोन आठवड्यांनी एक ओळ पेरली तर सलग मिळत राहतो.

बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट. घेवड्याचं बी बोटाच्या एका पेराएवढं खोल, लेट्यूसचं मातीत नुसतं दाबलेलं. नवख्यांचं बी उगवत नाही ते बहुधा खोल गेल्यामुळं किंवा उगवताना वरचा थर एकदा वाळल्यामुळं. गाजर उगवायला दोन-तीन आठवडे घेतं, तोवर माती ओलसर ठेवावी लागते. आणि उगवल्यावर विरळणी करायचीच. जीव तुटतो, पण दाटीत एकही गाजर नीट पोसत नाही. जादाची रोपं उपटू नका, कात्रीनं जमिनीलगत कापा, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का लागत नाही.

घरात किंवा सावलीत वाढवलेलं रोप एकदम उन्हात लावलं तर पानं पांढरी पडून करपतात. ७ ते १० दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून त्याला सवय करा. टोमॅटोचं रोप खोल लावा, खालची पानं काढून खोडाचा निम्मा भाग मातीत गेला तरी चालेल. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. आधाराची काठी लावणीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात. वेलांचा मांडव उत्तर गोलार्धात वाफ्याच्या उत्तरेला, दक्षिण गोलार्धात दक्षिणेला, म्हणजे बाकीच्यांवर सावली पडत नाही.

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली भावंडं. त्यांचे रोग मातीत राहतात, म्हणून त्याच जागी किमान तीन वर्षं ती पुन्हा लावू नका. त्यांच्या जागी घेवडा, वाटाणा येऊ द्या. घेवड्याचं झाड संपलं की मुळासकट उकरून एकदा नक्की पाहा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरत होते. पांढरट किंवा हिरवी निघाली तर काम झालेलं नाही किंवा थांबलं आहे. मग बाकीची झाडं जमिनीलगत कापा, मुळं आतच राहू द्या.

पायरी ६: पाणी देणं

रोज संध्याकाळी झारीनं थोडं थोडं शिंपडणं ही सर्वांत पसरलेली चूक आहे. वरचा अर्धा इंच ओला होतो, मुळं वरच राहतात आणि एका कडक दुपारी झाड कोलमडतं. कमी वेळा द्या, पण खोल द्या. भाज्यांना सरासरी आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी लागतं. आपल्या ४ बाय ८ फुटांच्या वाफ्याला ते सुमारे ७५ लिटर होतं, दोन-तीन वेळांत विभागून द्या. उन्हाळ्यात किंवा रेताड मातीत जास्त लागेल.

आकड्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. मातीत बोट दोन पेरं घाला. आत ओल लागली तर आज पाणी नको. दुपारी पानं लोंबली म्हणून घाबरू नका. सकाळीही लोंबलेली दिसली तर मात्र काहीतरी चुकतंय, आणि ते 'काहीतरी' कमी पाणी असू शकतं तसंच जास्त पाणीही. आधी माती उकरून पाहा, मग नळ सोडा.

पाणी सकाळी आणि मुळाशी द्या. रात्रभर ओली राहणारी पानं बुरशीला आमंत्रण देतात. वर २ ते ३ इंच सुका पाला किंवा पेंढ्याचं आच्छादन करा, पण खोडाभोवती दोन इंच मोकळे ठेवा. आच्छादनानं ओल टिकते, तण दबतं आणि पावसाच्या थेंबांनी उडणारी माती पानांवर बसत नाही.

टोमॅटोच्या फळाचा देठाविरुद्धचा बुंधा काळा, चामड्यासारखा झाला की लोक फवारणीचं औषध शोधतात. तो रोग नाही. फळाला कॅल्शियम पोचलेलं नसतं, आणि ते पाण्याबरोबरच पोचतं. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब, असं झालं की हे होतं. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, पाण्याचा नेम बसला की पुढची फळं चांगली येतात.

किडीसाठी एकच सवय लावा, दोन दिवसांआड पान उलटून पाहा. मावा, पांढरी माशी, अळ्यांची अंडी सगळं पानाच्या मागेच असतं. मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेनं झाडा. पुन्हा आला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळून, एका पानावर करून पाहून, संध्याकाळी फवारा. आणि काळ्या अंगावर नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसणारी एखादी अळी माव्यात फिरताना दिसली तर तिला मारू नका. ती ढालकिड्याची अळी, तुमचंच काम करते आहे.

पायरी ७: पायवाट

ही लवकर उरकते. वाट पक्क्या दगडांची असेल तर सुमारे ६ इंच खोदा, ४ इंच खडी टाकून धुमसा, वर इंचभर जाड वाळू, त्यावर दगड. धुमसण्यात आळस केला की पहिल्या पावसात दगड डुगडुगतात. दर फुटाला पाव इंच उतार घरापासून दूर द्या. सुटे पाऊलदगड ठेवायचे असतील तर आधी घरातल्या सगळ्यांना तिथून चालायला लावा आणि पावलं पडतील तिथं ठेवा. मध्यापासून मध्यापर्यंत साधारण २ फूट येतं.

पायरी ८: लाकडी डेक

डेक नवा बांधणं हे पहिल्या वर्षाचं काम नव्हे. असलेला सांभाळणं मात्र कुणालाही जमतं.

सुरुवात खालून करा. टॉर्च आणि पेचकस घेऊन डेकखाली वाका. भिंतीला जी आडवी फळी जोडलेली असते तिच्याकडे पहिलं पाहा. ती नुसत्या खिळ्यांवर असेल, तर डेकवर माणसं जमवू नका आणि जाणकार सुतार किंवा अभियंत्याला बोलवा. तिथं बोल्ट किंवा जाड स्क्रू हवेत. डेक कोसळतात ते बहुधा याच सांध्यातून, कारण भिंत आणि फळी यांच्या मधल्या फटीत पाणी शिरून लाकूड आतून कुजतं. त्या फळीच्या वर पत्रा वाकवून पाणी बाहेर काढलेलं असावं.

मग खांबांचे बुंधे, वासे आणि सांधे पेचकसानं टोचा. टणक लाकूड पेचकस परत फेकतं. कुजलेल्या लाकडात तो लोण्यासारखा पाव-अर्धा इंच आत जातो आणि बाहेर येताना ओलसर भुगा घेऊन येतो. असा भाग रंगवून झाकू नका, बदला. कठड्याला दोन्ही हातांनी ढकलून पाहा, हलता कामा नये. उभ्या गजांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी हवी, लहान मुलाचं डोकं तिथून जाता कामा नये. गंजलेले खिळे-स्क्रू बदलताना गरम जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. हल्लीच्या प्रक्रिया केलेल्या लाकडातलं तांबं साधं लोखंड लवकर खातं.

आता वरचा भाग. फळ्यांमधल्या फटी ३ ते ६ मिलिमीटर मोकळ्या हव्यात. त्यात पाला आणि माती साचली की ती पाणी धरून ठेवते. पुट्टीची पातळ पट्टी घ्या आणि एकेक फट साफ करा. कंटाळवाणं काम आहे, पण डेकचं आयुष्य यातच आहे, रंगात नाही.

लाकूड धुवायची गरज आहे का? फळीवर चमचाभर पाणी टाका. मणी होऊन राहिलं तर वरचा लेप शाबूत आहे, यंदा काही करू नका. काही मिनिटांत मुरून डाग गडद झाला, तर नवा लेप हवा. करडं पडलेलं लाकूड सडलेलं नसतं. उन्हानं वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारा घटक, तुटतं, पावसानं धुऊन जातं आणि करडे तंतू उरतात. हा थर अगदी पातळ असतो.

धुण्यासाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पूड, वापरा. क्लोरीनचं ब्लीच तंतू कमजोर करतं आणि स्क्रू गंजवतं. मिश्रण पाकिटावरच्या मापानं करा, पसरा, १०-१५ मिनिटं वाळू न देता ठेवा, मऊ ब्रशनं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासा, मग धुवा. लोखंडाचे काळे डाग उरले तर ऑक्झॅलिक आम्लानं जातात, हातमोजे आणि चष्मा लावूनच ते हाताळा. दाबाच्या पाण्याचं यंत्र शक्यतो नको. त्याची धार मऊ लाकडाचे तंतू उपटून काढते आणि फळी केसाळ होते. आणि हे सगळं सुरू करण्याआधी पायरी १ मधला नकाशा काढा. धुतलेलं पाणी कुठं जाणार? वाफ्याकडे जात असेल तर आधी मातीचा छोटा बांध घालून ते वळवा, आणि जवळची झाडं साध्या पाण्यानं भिजवून घ्या.

धुतल्यावर किमान ४८ तास कोरडी हवा द्या. दमट हवेत जास्त. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर लाकूड १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लेप लावू नका. ६० ते ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरनं हलका हात फिरवा. त्याहून गुळगुळीत केलं तर लाकडाची छिद्रं बुजतात आणि लेप मुरत नाही. जुन्या, आर्सेनिकवाल्या लाकडाला मात्र अजिबात घासू नका, ती धूळ छातीत जाते.

लेप निवडताना लाकडात मुरणारा, थोडी रंगछटा असलेला घ्या. वर कातडं धरणारे चकचकीत लेप पहिल्या वर्षी देखणे दिसतात, मग सोलतात आणि ते खरवडण्यात सुट्टी जाते. मुरणारा फिकट होत जातो, दोन-तीन वर्षांनी धुऊन पुन्हा लावला की झालं. सावलीच्या वेळी, १० ते ३० अंश तापमानात, दोन-तीन फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लावत चला. पंधरा-वीस मिनिटांत जो मुरला नाही तो कापडानं पुसून घ्या. राहिला तर चिकट राहतो. फळ्यांची कापलेली टोकं विसरू नका, पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरतं.

पुसायला वापरलेल्या तेलकट चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका. जवसाच्या तेलासारखी तेलं वाळताना तापतात आणि गोळा झालेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर, जमिनीवर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

लेप वाळल्यावर कुंड्या डेकवर परत येतील. त्या सपाट ठेवू नका. खाली इंचभर उंचीचे पाय किंवा विटेचे तुकडे द्या, म्हणजे खालून वारा खेळेल, आणि दर महिन्याला जागा बदला. जुन्या डेकवर जी काळी वर्तुळं दिसतात ती कुंडीखाली अडलेल्या पाण्याची असतात, आणि पेचकस टोचायचा झाला तर सर्वांत आधी तिथंच टोचावा.